चौथ्या पाकळीवरचे दोन ठिपके

१

प्रयोगशाळेतल्या टेबलावर पुडकं ठेवलं तेव्हा लाखेची तिन्ही सिलं शाबूत होती. परीक्षकाने ती दोन्ही बाजूंच्या वकिलांना दाखवली आणि मग फोडली. आतून निघाली गरम पाण्याची रबरी पिशवी, निळ्या फ्लॅनेलच्या कव्हरमध्ये. बुचापुरतं तोंड सोडलं तर कव्हर सगळीकडून शिवलेलं होतं. परीक्षकाने खालची शिवण तशीच ठेवली, बाजूने कात्री चालवली आणि पिशवी बाहेर ओढली.

पिशवीच्या पोटावर चार बोटं लांब चीर होती. सरळ, पट्टीने आखल्यासारखी.

तक्रारदाराच्या वकीलबाईंनी चिरेवरून नजर जोडाकडे नेली. गेले कित्येक महिने त्या न्यायालयात एकच गोष्ट सांगत आल्या होत्या: कंपनीने रबर हलकं वापरलं, त्यामुळे पिशवीचा जोड उकलला, आणि मशीनवर बसलेल्या एका शिवणवालीच्या मांडीपासून पोटरीपर्यंत कढत पाणी सांडलं. इथे तर जोड धडधाकट होता.

"तक्रारदार शिवणकाम करतात ना?" कंपनीचे वकील अगदी मऊ आवाजात म्हणाले. "मग घरात कात्र्या असणारच."

वकीलबाईंच्या डोळ्यांसमोर दुसरीच माणसं उभी होती. याच पिशवीने भाजलेल्या आणखी सतरा जणांची नावं त्यांच्या ग्राहक मदत केंद्रात नोंदलेली होती. त्यात बाळंतीण होती, शाळेचा पहारेकरी होता, कंबर धरलेला एक म्हातारा होता. त्यांच्यापैकी कुणाकडेच पिशवी उरली नव्हती. काहींनी फेकून दिली होती, काहींना कंपनीच्या माणसाने घरी येऊन बदलून दिली होती. पुरावा म्हणून जगात ही एकच पिशवी शिल्लक होती, आणि तिच्यावर हत्याराने पाडलेली चीर होती.

त्यांच्यासोबत फुगेकाका आले होते. हे त्यांचं खरं नाव नव्हे. काकांनी तीस वर्षं रबरी हातमोज्यांच्या कारखान्यात माल तपासला. प्रत्येक मोजा हवेने फुगवून भोक शोधायचं, हे काम. निवृत्त झाल्यावर ते केंद्रात कागदपत्रं सांभाळायला लागले आणि नाव मात्र तेच चिकटलं. ते पिशवीवर इतका वेळ वाकून राहिले की परीक्षकाने घसा खाकरला. काकांनी पिशवीचा वास घेतला, तोंडातून टॉर्च मारून आत पाहिलं, गळ्याजवळचं नक्षीचं फूल निरखलं, वहीत काहीतरी उतरवून घेतलं आणि कव्हरचा फोटो काढला.

बाहेर आल्यावर त्यांनी वकीलबाईंना बाकावर बसवलं.

"बाई," ते म्हणाले, "ही ती पिशवी नाहीच."

२

काकांनी वही पुढे केली. त्यात एक फूल काढलेलं होतं. अशा पिशव्यांच्या गळ्याजवळ हे फूल साच्यातच उठवतात, त्यांनी समजावलं. गिऱ्हाइकाला ती नक्षी वाटते, पण ती तारीख असते. मध्ये वर्ष, भोवती बारा महिन्यांच्या बारा पाकळ्या. दर आठवड्याला कामगार साच्यावर त्या महिन्याच्या पाकळीत एक ठिपका ठोकतो. ठोकलेला ठिपका पुसता येत नाही. या पिशवीवर यंदाचं वर्ष होतं, पहिल्या तीन पाकळ्या ठिपक्यांनी भरलेल्या होत्या आणि चौथीत दोन ठिपके होते.

म्हणजे ही पिशवी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात जन्मली. शिवणवाली भाजली ती फेब्रुवारीच्या पाच तारखेला.

शिवाय शिवणवालीने आपली पिशवी दोन हिवाळे वापरली होती. तिच्याकडचं पाणी जड, तिच्या किटलीच्या आत बोटभर क्षार साचलेला काकांनी स्वतः पाहिला होता. या पिशवीत मात्र पांढरा कणसुद्धा नव्हता. हिच्यात कधी पाणीच भरलं गेलं नव्हतं.

वकीलबाईंना हायसं वाटलं, पण ते जेमतेम दोन मिनिटं. मग त्यांचं डोकं वकिलासारखं चालू लागलं. पिशवी बदलली हे सिद्ध झालं, तर समोरचे विचारणार, बदलली कोणी? पुरावा तर तुमच्या ताब्यात होता. केस जाईलच, वर खोटा पुरावा घातल्याचा ठपका शिवणवालीवर येईल. सुनावणी सोमवारी होती आणि आज गुरुवार.

"मी ती कधी उघडून पाहिली नाही," त्या म्हणाल्या. "मुद्दाम. उघडली असती तर म्हणाले असते, तुम्हीच काहीतरी केलंत."

काकांनी पिशवीचा प्रवास मांडला. अपघातानंतर ती शिवणवालीच्या घरीच होती. अठ्ठावीस एप्रिलला तिच्या थोरल्या बहिणीने ती केंद्रात आणून दिली. नऊ दिवस केंद्राच्या कपाटात राहिली. सात मेला न्यायालयात सीलबंद झाली आणि तिथल्या कोठारात गेली. कोठाराचा कारकून म्हणजे स्वतःची छत्री घेतानाही रजिस्टरमध्ये सही करील असा माणूस, आणि सिलं तर सगळ्यांदेखत फोडली होती.

राहिलं केंद्राचं कपाट. त्याची किल्ली एकाच माणसाकडे असायची. वकीलबाईंच्या हाताखाली चार वर्षं राबलेल्या ज्युनिअरकडे.

३

ज्युनिअरला काकांनी शुक्रवारी सकाळी गाठलं. आधी तो हसला. मग काकांचा चेहरा पाहून त्याचं हसू मावळलं.

काकांनी आडवळणाने विचारलं, तरी त्याला कळायचं ते कळलं. हजेरीवहीत तीन मेची दुपार कोरी आहे, कुठे होतास, या प्रश्नावर त्याने टेबलावरचा टाचण्यांचा डबा फिरवायला घेतला. मग त्याने सांगितलं. त्या दुपारी तो मुलाखतीला गेला होता. कुठे, तर कंपनीच्या वकिलांच्याच कचेरीत. त्यांनीच बोलावलं होतं. जाताना कपाटाची किल्ली खणात ठेवून गेला, आणि खणाला कुलूप नव्हतं.

"त्यांनी पिशवीबद्दल काही विचारलं?"

"एक शब्द नाही. त्याचंच मला नवल वाटलं." त्याने टाचण्यांचा डबा बाजूला सारला. "काका, चार वर्षं मी इथे फाटक्या खुर्चीत बसतोय. नोकरीचं मी त्यांना अजून हो म्हटलेलं नाही. आणि तुम्ही मला चोर समजता."

ज्युनिअरने मोबाइल काढला आणि एक फोटो त्यांच्याकडे पाठवला. केंद्रात आलेल्या प्रत्येक वस्तूचा त्याच दिवशी फोटो काढायची त्याची सवय होती. अठ्ठावीस एप्रिल, सकाळी अकरा. निळं कव्हर चारी बाजूंनी स्पष्ट दिसत होतं, पण आतल्या पिशवीचं फक्त बूच. यातून काय सिद्ध होणार, हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

"सोमवारपासून मी येणार नाही," एवढं बोलून त्याने समोरची फाइल ओढली.

४

शिवणवालीचं घर दोन खोल्यांचं. खिडकीशी पायाने चालवायचं शिलाई मशीन, त्याच्या पायट्यावर कपड्यांचं गाठोडं ठेवलेलं, म्हणजे मशीन किती दिवस बंद आहे ते न सांगता कळावं. ती पलंगावर उजवा पाय लांब करून बसली होती. थोरली बहीण खाली बसून तिच्या गुडघ्यामागच्या ताणलेल्या, चकाकणाऱ्या कातडीला डाव्या हाताने हलकं हलकं तेल चोळत होती. ती पाळणाघरात कामाला होती. अपघातानंतर स्वतःची खोली सोडून ती इथेच राहायला आली होती आणि आता तिच्या एकटीच्या कमाईवर दोघी राहत होत्या.

काकांनी चीर, फूल, काही सांगितलं नाही. कव्हर कसं शिवलंस, एवढंच विचारलं. कामाचा विषय निघाला तशी धाकटीची कळी खुलली. तीन बाजू मशीनवर, मग पिशवी आत घालायची आणि खालची बाजू हाताने शिवायची, कारण मशीनची सुई लागली तर रबराला भोक पडेल. बोलता बोलता तिने चिंधी घेऊन पाच-सात टाके घालूनही दाखवले. एकसारखे, सगळे उजवीकडे झुकलेले.

काकांनी चिंधी खिशात टाकली. ती विनोदाने म्हणाली, "काका, निदान बाही तरी शिवून न्या."

पायाचं विचारलं तेव्हा तिने सांगितलं की एप्रिलमध्ये गुडघा आखडून पार दुमडला होता. मोठ्या इस्पितळात कातडी लावायला चार महिन्यांची रांग होती. मग एका ट्रस्टने सतरा एप्रिलला खासगी इस्पितळात खाट मिळवून दिली. "ताईला कोण तो देवमाणूस भेटला कुणास ठाऊक. आता अर्धा तरी वाकतो. डॉक्टर म्हणतात, वर्षभरात मशीनचा पायटा मारशील."

थोरली तेलाची बाटली ठेवायला उठली. काका निघाले तेव्हा ती दारापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, प्रयोगशाळेत काय निघालं? सोमवारी कळेल, काका म्हणाले. तिने मान हलवली आणि दार लोटून घेतलं.

कोपऱ्यावरच्या दुकानात काकांनी त्याच कंपनीची पिशवी मागितली. दुकानदार म्हणाला, फेब्रुवारी संपता संपता कंपनीची गाडी आली आणि सगळा माल परत घेऊन गेली. काचेतला उन्हाने उडालेला नमुनासुद्धा सोडला नाही. त्यानंतर तो माल बाजारात आलाच नाही.

रस्त्यातच काकांना उलगडलं. कंपनीने दोष लपवायला जुना साठा नष्ट केला होता. पुढे एक पिशवी बदलायची वेळ आली, तर द्यायला जुनी पिशवीच नव्हती. म्हणून एक नवी दाबून घेतली. आणि साच्यावरच्या कामगाराने, माल निघो न निघो, दर आठवड्याच्या सवयीने आपला ठिपका ठोकला.

पिशवी कुठून आली ते कळलं. ती कव्हरमध्ये कोणी घातली?

घरी येऊन काकांनी प्रयोगशाळेतला फोटो आणि ज्युनिअरचा फोटो शेजारी शेजारी ठेवले आणि मोठे केले. कव्हरची खालची शिवण दोन्हींत एकच होती, एकेक टाका जुळत होता. म्हणजे केंद्रात आल्यापासून कव्हर कोणी उसवलेलंच नव्हतं. ज्युनिअर सुटला, कोठाराचा कारकूनही सुटला. मग त्यांनी खिशातली चिंधी काढून फोटोंशेजारी ठेवली. चिंधीवरचे टाके उजवीकडे झुकलेले होते.

फोटोतले सगळे डावीकडे.

काकांनी चष्मा काढला. ज्युनिअर चोर निघाला असता तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.

५

शनिवारी दुपारी पाळणाघरातली मुलं निजली होती. थोरली चिमुकल्या गोधड्यांच्या घड्या घालत होती. काकांनी तिच्यासमोर दोन फोटो आणि चिंधी ठेवली आणि मुलं उठू नयेत अशा आवाजात सगळं सांगितलं. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात बनलेली पिशवी अठ्ठावीस तारखेच्या आत कव्हरमध्ये शिवली गेली. त्या दिवसांत कव्हर फक्त तुमच्या घरी होतं. धाकटी इस्पितळात होती. आणि डाव्या हाताने शिवलं की टाका उलटा झुकतो.

तिने हातातली घडी पुरी केली, ढिगावर ठेवली, पुढची घेतली.

"मला वाटलं होतं, मी तिच्यासारखंच शिवलं," ती म्हणाली.

मग तिने सांगितलं ते असं. मोठ्या इस्पितळाच्या डॉक्टरांनी तिला बाहेर बोलावून बजावलं होतं की दोन आठवड्यांत कातडी लावली नाही तर गुडघा कायमचा असाच राहील. तिने सगळीकडे हात पसरले. रांग पुढे सरकवायला कारकुनाच्या पाया पडली. चौथ्या दिवशी व्हरांड्यात एक माणूस शेजारी येऊन बसला. सभ्य, इस्त्रीचा सदरा. त्याला सगळं माहीत होतं. उद्या खाट मिळेल, म्हणाला. फक्त ती पिशवी द्यायची आणि ही तिच्या जागी ठेवायची. त्याच्या मांडीवर खोका होता.

"तुम्ही वकीलबाईंना का नाही सांगितलंत?"

"बाईंना मीच विचारलं होतं, केस किती दिवस चालेल. खोटं कशाला बोलू, म्हणाल्या, तीन वर्षं धरून चाला." आता पहिल्यांदा तिने काकांकडे पाहिलं. "काका, माझ्याकडे चौदा दिवस होते. मला कळत होतं मी काय करतेय. कव्हर उसवताना कळत होतं, शिवताना कळत होतं. पुन्हा तीच वेळ आली तर पुन्हा तेच करीन. पण त्या सतरा जणांचं मला माहीत नव्हतं. ते बाईंनी मे महिन्यात सांगितलं, तेव्हा पिशवी सीलमध्ये गेलेली होती. त्या दिवसापासून मला घास गिळवत नाही."

त्या माणसाचं नाव तिला माहीत नव्हतं. मात्र इस्पितळात दाखल करताना ज्या चिठ्ठीवर खाट मिळाली, ती चिठ्ठी तिने जपून ठेवली होती. खाली ट्रस्टचा शिक्का होता आणि पत्ता छापलेला होता.

काकांनी पत्ता वाचला. कंपनीच्या मुख्य कचेरीचा होता तो, तिसरा मजला.

६

आता सगळं हातात होतं आणि काहीच हातात नव्हतं. फूल आणि चिठ्ठी मुकी होती. पिशवी कोणाच्या हातून कोणाच्या हातात गेली हे सांगणारं माणूस एकच, आणि तिने तोंड उघडलं तर पुरावा बदलल्याचा गुन्हा तिच्यावर लागणार होता. पाळणाघरातली नोकरी तर त्याच दिवशी जाणार. ती गप्प राहिली तर धाकटी खोटी ठरणार आणि सतरा जणांची दारं बंद होणार.

वकीलबाईंनी रविवारी तिला समोर बसवून हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. मन वळवलं नाही, अडवलंही नाही. मी तुझ्या बहिणीची वकील आहे, तुला सल्ला देणं मला चालणार नाही, तू वेगळा वकील बघ, म्हणाल्या. अशा कामाला रविवारी कोण मिळणार, हे दोघींनाही ठाऊक होतं.

ज्युनिअर कोपऱ्यात आपल्या वस्तू खोक्यात भरत होता. खोकं तसंच सोडून तो पुढे आला. "मी सोमवारपासून या केंद्राचा नाही," तो म्हणाला. "त्यांच्याकडेही जाणार नाही. यांचं काम मी घेतो." काकांनी त्याच्याकडे पाहिलं. माफी मागायची होती. त्यांनी त्याला आपली वही दिली.

थोरलीने एकच अट घातली. न्यायालयात बोलण्याआधी ती धाकटीला स्वतः सांगणार होती.

त्या घरात काय झालं ते कोणी पाहिलं नाही. सोमवारी दोघी एकाच रिक्षातून उतरल्या, पण धाकटी ज्युनिअरचा हात धरून चालली आणि थोरली चार पावलं मागून आली.

साक्षीला उभी राहिल्यावर थोरलीने व्हरांडा सांगितला, इस्त्रीचा सदरा सांगितला, खोका सांगितला. कंपनीचे वकील उठले. त्यांचा आवाज अजूनही मऊच होता.

"म्हणजे सख्ख्या बहिणीला न्याय मिळू नये म्हणून तुम्ही पुरावा विकलात."

"हो," ती म्हणाली. "तुम्ही विकत घेतलात, म्हणून विकला."

मग काकांनी फूल समजावलं, वकीलबाईंनी चिठ्ठी दाखवली. न्यायाधीशांनी फूल दोनदा भिंगाखाली पाहिलं आणि कारखान्याची साच्यांची नोंदवही आठवड्याच्या आत हजर करण्याचा हुकूम दिला. त्याच हुकुमाच्या दुसऱ्या परिच्छेदात थोरलीवर खटला भरण्याची सूचना होती. ज्युनिअरने ती ऐकून फक्त पेनाचं टोपण लावलं.

नोंदवही न्यायालयात कधी आलीच नाही. सहाव्या दिवशी कंपनीने दोष कबूल केला. धाकटीचं आणि सतरा जणांचं नुकसान भरून देण्याचं, पुढचे उपचार करून देण्याचं आणि घरोघरच्या पिशव्या परत घेण्याचं लेखी दिलं. बाळंतिणीने केंद्रात येऊन वकीलबाईंचे हात धरले आणि ती नुसती रडत राहिली. फुगेकाका त्या दिवशी लवकर घरी गेले.

थोरलीची नोकरी गेली. ती आपल्या जुन्या खोलीवर परतली. धाकटीने तिला थांब म्हटलं नाही. तीन महिने दोघींत एक शब्द झाला नाही.

थोरलीच्या खटल्याची पहिली तारीख आली तेव्हा ती बाहेरच्या बाकावर ज्युनिअरशेजारी बसली होती. जिन्यावर काठी वाजली. धाकटी वर येत होती. एक पायरी चढायची, उजवा गुडघा जपून वाकवायचा, मग पुढची. ज्युनिअर उठायला लागला तसं तिने मानेनेच नको म्हटलं. वर आल्यावर ती कठड्याला टेकून दम खात उभी राहिली, बहिणीकडे न बघता.

कारकून रजिस्टर घेऊन आला. या खटल्यात जिचं नुकसान झालं ती धाकटीच, म्हणून तिचं नाव फिर्यादीच्या साक्षीदारांत वर लिहिलेलं होतं. त्याने तिला ओळखलं नाही. कोणाकडून आलात, असं विचारत त्याने पान उलटलं.

धाकटीने काठी भिंतीला लावली आणि थोरलीच्या शेजारी बाकावर बसली.

"आरोपीकडून," ती म्हणाली.